बारा कंप्युटर आणि एक वाटी पंचामृत

मागच्या वर्षी वसईत एका सभागृहात परिसंवाद झाला. विषय होता, प्राथमिक शाळेतल्या मुलांना संगणक शिकवावा की नाही. व्यासपीठावर डोळ्यांचे डॉक्टर होते, एक समुपदेशक बाई होत्या आणि शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब होते. मलाही आग्रहाने बोलावलं होतं. प्रोजेक्टर लावायला.

दोन तास मी भिंतीशी प्लग धरून उभी होते, कारण हात सोडला की पडदा काळा व्हायचा. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना त्रास होतो. समुपदेशक बाई म्हणाल्या, एकाग्रता जाते. साहेब म्हणाले, काळाबरोबर चाललं पाहिजे. तिघांचंही मला पटत होतं. आणि दुसरीतल्या मुलाच्या हातात माऊस दिला की काय होतं, हे तिघांपैकी एकानेही जन्मात पाहिलेलं नाही, हेही मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. मी अठरा वर्षं तेच पाहते आहे. मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. शेवटी संयोजक धावत आले आणि म्हणाले, "कुंदाताई, झकास! एकदाही बंद पडला नाही." तो प्लग त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला, पण प्लग माझा होता.

त्या दिवशी जे बोलायचं राहिलं ते इथे बोलून घेते. रागात लिहिते आहे, पण घाबरू नका. माझ्या रागाचं असं आहे की तो पूर्ण चढला की मला हसू फुटतं आणि मग दोन्ही आवरत नाहीत.

मी उमेळ्याची, खाडीकडच्या शेतकरी घरातली. आमची वाल, भेंडी आणि मोगऱ्याची वाडी होती. तिथे आता सात मजले उभे आहेत. लहानपणी आईबरोबर वसईच्या बाजारात टोपली घेऊन बसायचे, त्यामुळे घासाघीस मी अक्षरांच्या आधी शिकले. बारावीनंतर टायपिंग केलं, मग कंप्युटरच्या क्लासात शिरले आणि तिथली बंद पडलेली मशीन उघडून बघायची खोड लागली. त्या खोडीचाच पुढे धंदा झाला. मुंबईतल्या कचेऱ्या काही वर्षांनी आपले कंप्युटर बदलतात. ते जुने उचलायचे, तीन बिघडलेल्यांतून दोन चालणारे करायचे, शाळेच्या एका खोलीत नेऊन लावायचे आणि प्रत्येक वर्गाचा आठवड्याला एक तास घ्यायचा. यंत्र माझं, दुरुस्ती माझी, शिकवणं माझं. शाळेने खोली द्यायची, वीज द्यायची आणि मान द्यायचा. पहिल्या दोन गोष्टी मिळतात.

मानाचं सांगते. शाळेत सगळ्या शिक्षिका 'बाई'. मी 'ताई'. मुलांच्या वर्गफोटोत बाई मधोमध खुर्चीवर बसतात. मी फोटोत नसते, कारण 'हसा' म्हणायला कुणीतरी कॅमेऱ्यामागे लागतं. असो. 'असो' हा शब्द मी लिहिला तरी तो मनात कधीच येत नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक अशी भेटली की त्यांच्यासाठी जन्म काढावा. एका संस्थेच्या अध्यक्षांना सगळे कंप्युटर रस्त्याकडच्या खिडकीत ओळीने हवे होते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. मी म्हटलं, "तिथे ऊन पडतं, पडद्यावर काही दिसणार नाही." ते म्हणाले, "आत बसणाऱ्याला दिसून काय करायचंय?" दुसऱ्या एका मुख्याध्यापकांनी प्रत्येक कंप्युटरला जरीची किनार असलेलं मखमली झाकण शिवून घेतलं. मुलं चपला बाहेर काढून आत यायची, हात जोडायची आणि परत जायची. झाकण काढायचं ते फक्त तपासणीला. त्यांच्याशी मी असं भांडले की शेजारच्या वर्गातली मुलं पाढे म्हणायची थांबली. शेवटी मी माझी मशीन टेम्पोत घातली. झाकणं त्यांच्याकडेच ठेवली. नंतर कळलं, ती स्नेहसंमेलनात शिवाजीमहाराजांच्या दरबारात वापरली.

आता खुद्द शिकवण्याबद्दल. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात माऊसपेक्षा लहान असतो. मूल तो माऊस दोन्ही हातांनी धरतं, लाडू धरावा तसं. बाण उजवीकडे न्यायचा असेल तर ते माऊस उजवीकडे नेतं, टेबल संपलं तरी नेतं, आणि वायर ताणली जाईपर्यंत माऊससकट चालत जातं. मी प्रत्येक वर्षी पहिल्या तासाला दारात उभी राहून हे बघते आणि पोट धरून हसते. एका कंप्युटरवर तीन मुलं बसवायची. एकाने हात चालवायचा, एकाने तोंडाने सांगायचं, तिसऱ्याने गप्प बसून बघायचं, आणि मग जागा बदलायच्या. गप्प बसायची पाळी सगळ्यात अवघड, ती कुणालाच येत नाही.

मग टाळेबंदी आली आणि सगळं उलटं झालं. तोपर्यंत आईबाप मला विचारायचे, बालवाडीपासून का नाही शिकवत? शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा तेच आईबाप पडदा म्हटलं की अंगावर यायला लागले, कारण दोन वर्षं मूल मोबाईलला चिकटलेलं त्यांनी घरात पाहिलं होतं. आणि मुलं? ती माझ्या खोलीत आली, मॉनिटरवर बोट घासलं, काही हललं नाही, पुन्हा घासलं, आणि एकीने निकाल दिला, "ताई, हा मेलाय." बाराही पडद्यांवर फरसाणाच्या तेलाची बोटं. मी की-बोर्ड दाखवला तर विचारतात, "हा वेगळा का काढून ठेवलाय?"

हे सगळं जिथे घडलं ती उमेळ्याजवळची मराठी शाळा. नाव लिहीत नाही, कारण तिथे अजून तास घ्यायचे आहेत. गावातली मुलं आणि नव्या इमारतींतली मुलं निम्मी निम्मी. मुख्याध्यापिका लोपीसबाई, शिस्तीच्या, आवाज कधी चढत नाही आणि चढवायची गरजही पडत नाही. शाळा उघडल्यावर दोन वर्षांनी, गणपती झाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि एक अर्ज पुढे ठेवला. खाली पालकांच्या सह्यांची दोन पानं. पहिली ते चौथीचा संगणकाचा तास बंद करावा.

"हे सावंतांनी आणलंय," बाई म्हणाल्या. "दुसरीतल्या ओवीचे वडील. दसऱ्यानंतरच्या सोमवारी पालकसभा घेते. पालक बहुमताने म्हणतील ते होईल, कुंदा. माझ्या हातात नाही."

"आणि मी?"

"तू मुलांचं काम दाखव. अकरा वाजता सगळे येतील."

सावंत कोकणातले, नव्या इमारतीत राहणारे, मुंबईला कामाला. कामाला कुठे, तर आयटीत! दिवसभर कंप्युटरवर बसून पोट भरणारा माणूस माझे कंप्युटर बंद करायला निघाला होता. माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. हा तास गेला असता तर आजूबाजूच्या शाळांनीही तेच केलं असतं, आणि माझे सगळे कंप्युटर घरी येऊन ओट्यावर बसले असते. मी दोन आठवडे मुलांना तयार केलं. दुसरी-तिसरीची मुलं आपलं नाव मराठीत टाईप करणार, चौथीची वसईच्या किल्ल्याचं चित्र काढणार. सराव असा झाला की मुलं झोपेत क्लिक करतील.

मग दसरा आला.

दसरा शनिवारी होता, म्हणून शाळेत पाटीपूजन शुक्रवारी. दरवर्षी मुलं पाटीवर सरस्वती काढतात, फुलं वाहतात, घरी जातात. त्या वर्षी मला उत्साह आला. म्हटलं, कंप्युटरचीही पूजा करू, मुलांच्या हातून करू. निर्मळहून झेंडूच्या माळा आणल्या. मुलांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, घरून हळदकुंकू आणा, आणि गंमत म्हणून वर एक वाक्य टाकलं: "ज्याची पूजा चांगली, त्याचा कंप्युटर चांगला चालेल."

अठरा वर्षं मी मुलांना शिकवते आहे की कंप्युटर सांगितलं तेवढंच करतो. मूल सांगितलं त्यापेक्षा थोडं जास्त करतं, हे मी विसरले.

पूजा सुरू झाली आणि व्हरांड्यात मला सावंत दिसले. ओवीचा डबा राहिला होता तो द्यायला आले होते. खिडकीतून माळा बघून म्हणाले, "छान. पूजा करा, मॅडम. फक्त सुरू करू नका."

झालं. मी व्हरांड्यात आले. "तुम्ही दिवसभर काय भजी तळता का?" इथपासून आमचं सुरू झालं आणि पंधरा मिनिटं चाललं. ते एकही शब्द चढ्या आवाजात बोलले नाहीत, त्यामुळे मला दोघांच्या वाटणीचं ओरडावं लागलं. परत वळले तेव्हा मुलं रांगेत उभी, सगळं शांत, प्रसाद वाटून झालेला. मी लांबूनच नमस्कार केला आणि कुलूप लावलं. शिपाई झाडू घेऊन आले तर त्यांनाही परत पाठवलं. "पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही. सोमवारी बघू."

सोमवारी शाळा सव्वासातला भरते. मी सातला कुलूप काढलं.

खिडकीच्या चौकटीतून लाल मुंग्यांची एक ओळ आत आली होती. ती झेंडूच्या माळेवरून उतरून पहिल्या की-बोर्डवर जात होती, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, अगदी शिस्तीत, एकही कंप्युटर न चुकवता. मी एक बटण दाबलं. ते खाली गेलं आणि वर आलंच नाही. दुसरं दाबलं, तर शेजारची दोन त्याच्याबरोबर गेली. बोटाला चिकट लागलं. वास घेतला. आंबलेलं दूध, मध, तूप. माऊस उचलला तर टेबलच थोडं उचललं गेलं. मुख्य डब्यांच्या, म्हणजे सीपीयूच्या, जाळीवर खडीसाखर आणि खोबरं ठेवलेलं, आणि मुंग्या ते घेऊन आतबाहेर करत होत्या.

पंचामृत! बाराही की-बोर्डना पंचामृताचा अभिषेक झाला होता, त्यावर हळद, कुंकू आणि अक्षता.

मी इतक्या जोरात ओरडले की दुसरीचा वर्ग रांग मोडून खोलीत आला. मागून लोपीसबाई आल्या. त्यांनी एकदा बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "देवाच्या नावाने केलंय. आता रागवायचं कुणावर?"

मला मात्र कुणावर तरी रागवायचं होतं. "कुणी केलं हे? पुढे या!"

एक मुलगी पुढे आली. दोन वेण्या, हातात अजून दप्तर. ओवी सावंत.

मला वाटलं, बापानेच पाठवलंय. खरंच वाटलं. रागात माणसाला काय वाटेल सांगता येत नाही. "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही," ती म्हणाली. "पूजा चांगली तर कंप्युटर चांगला चालेल. बाबा म्हणतात तास बंद होणार. म्हणून मी आजीकडून वाटी भरून आणलं. ताई, मी बाराही केले. एकपण सोडला नाही."

आणि मग तिचा चेहरा वाकडा व्हायला लागला. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना रडवलं आहे, त्यांतल्या बऱ्याचजणांबद्दल मला आजही बरं वाटतं. पण त्या पोरीवर ओरडले ते अजून खुपतं.

सभेला पुरते चार तासही उरले नव्हते. घरी फोन केला. आई रिक्षातून आली ती परात, दोन सुपं आणि नारळाच्या शेंड्यांचा कुंचा घेऊन. दारात उभी राहून तिने मुंग्यांची ओळ बघितली.

"काय गो कुंदे, मुंग्यांना पन शाळेत घातलंस?"

"आई, आत्ता नको."

"मी काय बोलते? पानी तापव आदी. साबन आन. मधाचं हाय, थंड पान्याने नाय निघायचं."

की-बोर्डचं एक गुपित सांगते, बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. त्याची बटणं एकेक करून निघतात. चमच्याचा दांडा खालून घातला की टक् करून उडी मारतात. ती धुवायची, वाळवायची, खालची पाटी पुसायची आणि बटणं पुन्हा जागेवर दाबायची. एका की-बोर्डला मला अर्धा तास लागतो. बारा होते. मी हिशोब केला, मुलांकडे बघितलं, आणि सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं.

पहिल्या की-बोर्डची बटणं मी भराभर उडवली. मुलं टाळ्या वाजवत होती. सगळी परातीत पडल्यावर ओवीने नाक पुसत विचारलं, "ताई, परत कुठे कुठे लावायची ते तुम्हाला पाठ आहे?"

"न पाठ असायला काय झालं? अठरा वर्षं टाईप करतेय."

क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय. तिथून पुढे माझी गाडी अडली. बोटांना सगळं येत होतं, पण बोटं चालवायला बटणं लागतात आणि बटणं परातीत होती. मी हवेत टाईप करून बघितलं. मुलं माझ्याकडे बघत होती, आणि मग एक हसलं, दोन हसली, आणि सगळा व्हरांडा गडगडला. आईसुद्धा. "आनि हिला लोक मास्तरीन बोलतात!"

कोणी बोलत नाही, आई. तीच तर तक्रार आहे.

उपाय मुलांनीच काढला. शुक्रवारच्या पूजेतल्या पाट्या वर्गात होत्याच. प्रत्येक तिघा-चौघांनी आपला की-बोर्ड आधी पाटीवर काढायचा, एकेक चौकोन, आत अक्षर, आणि मगच बटणं उडवायची. मुलं चित्र काढायला बसली आणि पहिल्यांदाच नीट बघायला लागली. "ताई, ए पहिला का नाहीये?" "ताई, एफवर टेकडी आहे!" "जेवरपण आहे!" "ताई, हे सगळ्यात लांब बटण कशाचं? यावर काहीच लिहिलेलं नाही." मी दोन आठवडे घोकून घेतलेल्या सरावात एकाही मुलाने एकही प्रश्न विचारला नव्हता.

दहापर्यंत व्हरांड्याचं परसदार झालं. परातीत फेस, फेसात अक्षरं. आईने धुतलेली बटणं सुपात पसरून उन्हात ठेवली, वाल वाळत घालावा तशी, आणि मुलांवर लक्ष ठेवून बसली. "ए पोरी, तुज्या सुपातलं त्याच्या सुपात नको टाकू, मिसळलं तर कोन निवडनार?" मी आत मुख्य डबे उघडून कुंच्याने मुंग्या झटकत होते. कंप्युटर त्या दिवशी सुरू करणं शक्यच नव्हतं. ओलाव्यावर वीज सोडली असती तर खरोखरच मेले असते. म्हणजे दाखवायला काही नव्हतं. नाव नाही, किल्ला नाही, एक पडदासुद्धा नाही.

अकराला पालक आले. सगळ्यांच्या पुढे सावंत, पाठीवर सॅक. त्यांनी अर्ज हातात तयार ठेवला होता. व्हरांड्याच्या टोकाला येऊन ते थांबले. चाळीस मुलं मांडी घालून बसलेली, हातात जुने टूथब्रश, पुढे पाट्या, परात, सुपं, आणि मधे माझी आई पदर खोचून.

"हे काय आहे?" सावंतांनी विचारलं.

"बाबा, पाय उचल," ओवी म्हणाली. "तुझ्या बुटाखाली एंटर आहे."

त्यांनी पाय उचलला. खरंच होता. ते वाकले, बटण उचललं, रिकाम्या जागांकडे बघितलं आणि एका जागी ठेवायला गेले. तिघं एकदम ओरडली, "चूक!" ओवीने पाटी त्यांच्या नाकासमोर धरली. "आधी बघ ना. बघितल्याशिवाय लावायचं नाही."

मागचे पालक हसले. एक आजी म्हणाल्या, "मोबाईलपेक्षा हे बरं. निदान भांडी घासायला शिकतील."

लोपीसबाई सारवासारव करायला पुढे झाल्या, पण मी त्यांना थांबवलं. जे झालं ते सगळं सांगितलं, पंचामृतासकट. माझी चूक, माझं वाक्य, माझं कुलूप. कुणाच्या मुलीने केलं ते सांगितलं नाही. ते ओवीनेच सांगितलं, अभिमानाने, बाराचा आकडा धरून. सावंतांचे कान लाल झाले.

"मॅडम," ते म्हणाले, "मी वाईट माणूस नाही. मी दहा-दहा तास स्क्रीनसमोर असतो. घरी येतो तेव्हा ही माझ्या तोंडाकडे बघते आणि मी भिंतीकडे. मला तिला हे द्यायचं नाही. एवढंच."

मी सरळ घासाघिशीवर आले.

"ठीक. मग काय द्यायचं ते ठरवू. पहिलीपासून."

"पाचवीपासून."

"पाचवीत मिशा फुटतात पोरांना. पहिली."

"चौथी."

"सावंतसाहेब, तुमचीच पोरगी दुसरीत आहे आणि ती आत्ता तुम्हाला शिकवतेय. दुसरी."

आजूबाजूचे पालक बाजारात उभे राहावेत तसे उभे होते, मान इकडून तिकडे. सावंतांनी ओवीकडे बघितलं. "दुसरी. पण पहिली नाही. आणि तासात पडदा किती वेळ?"

"पस्तीस मिनिटं."

"दहा."

"दहा मिनिटांत सुरूसुद्धा होत नाहीत माझे. जुने आहेत. पंचवीस."

"पंधरा. आणि राहिलेल्या वेळात हे." त्यांनी परातीकडे बोट केलं. "उघडा, काढा, लावा, चित्र काढा. आणि घरी मोबाईलवर काही पाठवायचं नाही. गृहपाठ नाही, लिंक नाही."

मी मोबाईलवर जन्मात काही पाठवलं नव्हतं. पण तोंड असं केलं की आतडं तोडून देते आहे. "बरं. तुमच्यासाठी तेही सोडलं."

लोपीसबाईंनी हात वर करायला सांगितले. हात वर झाले. सावंतांचा सगळ्यात शेवटी झाला, आणि त्यात तो एंटर अजून होता.

तास वाचला. पहिली गेली. लोक म्हणतात, फायद्याचा सौदा केलास. पण मला विचाराल तर पहिली सोडताना मी फारशी भांडले नाही, हे खरं आहे, आणि त्याचं कारण मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. अठरा वर्षं मी आईबापांना एकच वाक्य विकलं होतं, "आत्ता नाही शिकलं तर तुमचं मूल मागे पडेल." धंद्याला ते वाक्य फार चांगलं. पण त्या व्हरांड्यात मी चाळीस मुलं बघितली, पडदा बंद, आणि एकही मागे पडलेलं नव्हतं. मागे पडले होते ते मी आणि सावंत.

डॉक्टर, समुपदेशक आणि साहेबांना माझं एवढंच सांगणं होतं. शिकवा की. पण यंत्र मुलाच्या हातात द्या, मूल यंत्राच्या हातात देऊ नका. पहिल्यांदा उघडून दाखवा. मग पंधरा मिनिटं पुरतात.

बारांतले दहा की-बोर्ड पुन्हा चालू झाले. दोन गेले ते गेलेच, मधाने आतली पाटी खाल्ली. त्यापुढच्या सोमवारी मी खोली उघडली तर दारात पहिलीचा अख्खा वर्ग उभा. प्रत्येकाच्या हातात टूथब्रश. काहींचे नवे कोरे, एकाचा घरातल्या आजोबांचा. शाळेत बातमी पसरली होती की कंप्युटरच्या तासाला फेस असतो.

"तुम्हाला नाही," मी म्हटलं. "ठरलंय."

त्यांच्यातली एक पुढची म्हणाली, "आम्ही नाही ठरवलं."

मी दार लावून घेतलं. शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मी मोडत नाही. मी तो नीट आठवून बघते. पहिलीला तास नाही, असं ठरलं होतं. मधल्या सुट्टीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. मी दोन मेलेले की-बोर्ड उचलले, परात घेतली, आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्यात जाऊन बसले.

तीन आठवड्यांनी सावंतांना कळलं. ते आले, आणि मुलांच्या डोक्यांवरून वाकून बघत उभे राहिले. "मॅडम, आपलं काय ठरलं होतं?"

"तास नाही, पडदा नाही. दाखवा कुठे आहे."

खाली पहिलीतली तीन मुलं ते लांब, काही न लिहिलेलं बटण बसवत होती. त्याच्या पोटात एक बारीक तार असते, ती दोन्ही बाजूंच्या हुकांत अडकवावी लागते. त्यांची एकच बाजू अडकली होती. दाबलं की बटण एका अंगाला तिरकं व्हायचं. ती पुन्हा काढायची, पुन्हा लावायची, पुन्हा तिरकं.

"तार उलटी आहे त्यांची," सावंत हळूच म्हणाले आणि खाली बसायला लागले.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"अहो, एका सेकंदाचं..."

"त्यांचं ते शोधू दे. तुम्ही हात मागे बांधा."

त्यांनी हात मागे बांधले. सुट्टी संपायची घंटा झाली, वर्गातून बाईंची हाक आली, मुलं उठली नाहीत. सावंतांची बोटं पाठीमागे एकमेकांत वळवळत होती. तिघांपैकी एकीने तार काढली, डोळ्यांजवळ धरली, उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली, आणि घातली.

टक्.

मुलं ओरडत वर्गाकडे पळाली. सावंत तिथेच होते. मग त्यांनी मला न विचारता खाली बसून ते बटण दाबलं. एकदा, मग पुन्हा एकदा. ते दोन्ही बाजूंनी सारखं खाली जात होतं.